ईपरचं ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ संग्रहालय : पूर्ण दिवस द्या, घाईत बघू नका

युरोपात मुलामुलींकडे येणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पॅरिस, ॲमस्टरडॅमचे कालवे, ब्रसेल्सचा चौक, रजा आणि पैसे उरले तर स्वित्झर्लंड. त्यातला एक दिवस बेल्जियमच्या पश्चिम टोकाला असलेल्या ईपर गावासाठी काढा, असं मला मनापासून सांगायचंय. आपल्या जुन्या पुस्तकांत या गावाचं नाव ‘इप्रेस’ असं छापलेलं असायचं. पहिल्या महायुद्धातली पश्चिम आघाडी चार वर्षं या गावाला खेटून होती आणि गाव त्यात अक्षरशः जमीनदोस्त झालं. तिथल्या संग्रहालयाला मी पाचपैकी साडेचार देईन. त्याच दिवशी घेतलेल्या व्हॅनच्या सहलीला मात्र दोनच. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

मी पुण्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. लेक गेंटला असते, त्यामुळे जाणं सोपं झालं. ‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न आमच्याकडे परीक्षेत हमखास यायचा. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, शस्त्रास्त्र स्पर्धा आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड याचा खून. हे मुद्दे चुकीचे नाहीत, ते शिकवायलाच हवेत. पण वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला पुढचा प्रश्न पडायचाच : बाई, खून झाला सारायेव्होत, राग आला ऑस्ट्रियाला, तर मग जर्मन सैन्य बेल्जियममध्ये कशाला घुसलं? उत्तर तोंडी देता येतं, पण ते जमिनीवर उभं राहून बघण्यात जी स्पष्टता आहे ती फळ्यावर येत नाही.

उत्तर थोडक्यात असं. २८ जून १९१४ ला गाव्रिलो प्रिन्सिप या सर्ब तरुणाने गोळ्या झाडल्या. बरोबर महिन्याने, २८ जुलैला, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सर्बियाच्या पाठीशी रशिया, रशियाचा दोस्त फ्रान्स. जर्मनीला दोन्ही बाजूंनी एकदम लढायचं नव्हतं. रशियाला सैन्य गोळा करायला वेळ लागेल, तेवढ्यात फ्रान्सला काही आठवड्यांत लोळवायचं, असा त्यांचा बेत वर्षानुवर्षं आखून ठेवलेला होता. फ्रान्सच्या सरहद्दीवर किल्ले होते, म्हणून वाट ठरली बेल्जियममधून. बेल्जियम तटस्थ राहील आणि त्याच्या तटस्थतेला मोठी राष्ट्रं जामीन राहतील, असा १८३९ चा करार होता. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य आत शिरलं आणि त्याच दिवशी ब्रिटनने युद्ध जाहीर केलं. ब्रिटन उतरलं म्हणजे हिंदुस्थान आपोआप उतरला. आपल्याला कुणी विचारलं नाही.

संग्रहालय भरतं ते ‘लाकनहाले’मध्ये, म्हणजे कापडाच्या जुन्या बाजारपेठेत. गावाच्या मुख्य चौकात ही प्रचंड इमारत आहे, मधोमध घंटाघराचा मनोरा. मध्ययुगात हे गाव लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालं, त्याची ही खूण. बघताना सातशे वर्षांची वाटते, पण ती तशी नाही. २२ नोव्हेंबर १९१४ ला तोफांच्या माऱ्यात ती पेटली, पुढच्या चार वर्षांत उरलंसुरलं कोसळलं आणि आज दिसते ती बहुतांशी पुन्हा बांधलेली आहे. बांधकाम पूर्ण व्हायला १९६७ उजाडलं. संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये त्याची नव्याने मांडणी केली गेली.

तिकिटाबरोबर मनगटावर बांधायची एक पट्टी मिळते, तिच्यावर पॉपीचं लाल फूल असतं आणि आत चिप. सुरुवातीच्या यंत्रावर नाव, गाव, भाषा भरायची. डच, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. पुढे दालनात ठरावीक ठिकाणी पट्टी टेकवली की त्या काळातल्या खऱ्या माणसांच्या हकिगती समोर येतात. शिपाई, परिचारिका, गाव सोडून निघालेली बाई, शेतकरी. सत्तरीच्या आसपासच्या मंडळींनी यंत्राला बिचकू नये, तिथली माणसं आपुलकीने मदत करतात.

मांडणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे इथे कुणाच्या विजयाचा डंका नाही. जर्मन शिपाई, बेल्जियन शिपाई, फ्रेंच, ब्रिटिश, कॅनडाचे, मोरोक्को-अल्जिरियाचे, चिनी मजूर, आपले लोक, सगळे एकाच छताखाली. काचेच्या पेटीत गणवेश ठेवलेत ते अंगावर चढवल्यासारखे उभे, आणि शेजारी त्याच माणसाच्या खिशातल्या वस्तू. काही पडद्यांवर नट-नट्या त्या काळातल्या माणसांच्या शब्दांत बोलतात. डॉक्टर आणि परिचारिकांचा पडदा आहे, तिथे बाक आहे, बसून पूर्ण ऐका. जखमी इतके येत की कुणाला टेबलावर घ्यायचं आणि कुणाला बाजूला ठेवायचं हे त्यांना ठरवावं लागे, ते त्या शांत आवाजात सांगतात. माझ्या बाजूला शाळेतली मुलं बसली होती, पंधरा-सोळा वर्षांची. एकानेही फोन काढला नाही.

जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा आणि विमानातून घेतलेली त्या वेळची छायाचित्रं हे शिक्षकांनी मुद्दाम बघावं असं. ही लढाई चार वर्षं एकाच जागी का अडकली ते त्यातून डोळ्यांना दिसतं. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियन लोकांनी न्यूपोर्टला समुद्राच्या पाण्याचे दरवाजे उघडले आणि यझर नदीकाठचा सखल भाग पाण्याखाली घातला. उत्तरेकडची जर्मनांची वाट बंद झाली. मग उरला ईपरभोवतीचा टापू. तो वाचवला तर ब्रिटिशांना इंग्लिश खाडीवरची बंदरं राखता येत होती, म्हणून तो सोडायचा नाही. आणि तो फोडला तर जर्मनांना बंदरं मिळत होती, म्हणून तिथेच डोकं आपटायचं. पूर्वेकडे एक कमानीसारखी टेकाडांची रांग आहे, तिच्यावर जर्मन. खाली वाडग्यात ईपर आणि दोस्तांचं सैन्य. टेकाडं म्हणजे तरी काय, आपल्या पर्वतीपेक्षाही ठेंगणी. पण सपाट मुलखात तेवढी उंची म्हणजे समोरच्याचं सगळं हालचालपत्रक उघड्यावर.

हे नीट कळायला घंटाघरावर चढा. त्याचे पैसे वेगळे आहेत आणि २३१ पायऱ्या आहेत, गोल जिना, अरुंद. गुडघ्यांचा त्रास असेल तर नका चढू. आत जे बघायला मिळतं त्यात काही कमी पडत नाही. मी सावकाश, थांबत थांबत गेले. वर गेल्यावर चारही बाजूंना बीटची, बटाट्याची, मक्याची शेतं दिसतात आणि दूर ती कमान. पासेनडेल कुठे आहे ते दिशाफलकावरून कळतं. ३१ जुलै ते १० नोव्हेंबर १९१७ एवढ्या काळात ब्रिटिश सैन्य पावसात आणि चिखलात लढत ज्या गावापर्यंत पोचलं, ते डोळ्यांसमोर आहे. सुमारे आठ किलोमीटर. दोन्ही बाजूंची मिळून काही लाख माणसं त्यात मेली किंवा जखमी झाली. आणि १९१८ च्या वसंतात जर्मनांनी जोर केला तेव्हा ती सगळी जमीन ब्रिटिशांनी काही दिवसांत सोडून दिली. सप्टेंबरात पुन्हा घेतली.

विषारी वायूचं दालन. २२ एप्रिल १९१५ ला संध्याकाळी ईपरच्या उत्तरेला जर्मनांनी नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. या आघाडीवर प्राणघातक वायूचा मोठ्या प्रमाणावर पहिला वापर तो. समोर फ्रेंचांचे अल्जिरियन आणि राखीव दलातले शिपाई होते. हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत आला. इथे सुरुवातीचे मुखवटे मांडलेत. अगदी पहिल्या दिवसांत तेही नव्हते, कापसाचे बोळे आणि ओली फडकी तोंडावर धरायची एवढाच उपाय. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदुस्थानी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला लांबून चालवत आणून थेट या हल्ल्यात लोटलं. ४७ वी सिख, ४० वी पठाण, ५७ वी वाइल्ड्स रायफल्स. उघड्या माळावरून पुढे जायचं होतं. वायू आला तेव्हा शिपायांनी पागोट्याचं टोक ओलं करून नाकातोंडावर बांधलं. जमादार मीर दस्तला त्या दिवसासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. स्वतः वायू पोटात गेलेला असताना त्याने जखमी अधिकाऱ्यांना उचलून मागे आणलं होतं.

आपल्या लोकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला ते आधी ठाऊक असेल तर संग्रहालय दुप्पट बोलतं.

हिंदुस्थानी सैन्याची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेयला उतरली. उन्हाळी कपड्यांत. महिन्याभरात ती ईपरच्या खंदकांत होती, कारण ब्रिटिशांकडचं स्वतःचं छोटं सैन्य संपत आलं होतं आणि खिंडार बुजवायला दुसरं कुणी नव्हतं. ३१ ऑक्टोबरला होलेबेक गावाजवळ १२९ व्या बलुच पलटणीतला खुदादाद खान साथीदार मेल्यावरही मशीनगन चालवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला हिंदी शिपाई.

त्याच्या तीनच दिवस आधी, २८ ऑक्टोबरला, ईपरच्या दक्षिणेला फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावात जे झालं ते पुणेकरांनी विसरू नये. गाव जर्मनांनी घेतलं होतं. ते परत घेण्यासाठी ४७ व्या सिखांबरोबर सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपनीला पाठवलं. या दोन्ही कंपन्या तिसऱ्या सॅपर्सच्या, म्हणजे आपल्या खडकीच्या, बॉम्बे सॅपर्सच्या. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं हे ज्यांचं शिक्षण, त्या कारागीर शिपायांना संगिनी लावून घराघरांतून लढायला लावलं. ते आत घुसले, गल्ल्यांतून लढले, आणि मदत न आल्यामुळे त्यांना मागे यावं लागलं. त्या दोन कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. शिपायांची हानीही तशीच भयंकर. खडकीत माझं बालपण गेलं, सॅपर्सच्या आवाराच्या भिंतीला लागून रोज शाळेत जायचे, पण हे नाव त्या रस्त्यावर कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता अर्धा गुण का कापला ते. हे संग्रहालय बेल्जियमच्या आघाडीचं आहे. त्यांनी आपली हद्द आखून घेतली आहे आणि त्या हद्दीत ते काम चोख करतात, म्हणून याला दोष म्हणता येत नाही. पण १९१५ च्या अखेरीला हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन इथून हलल्या आणि त्यांच्याबरोबर आपली गोष्टही या दालनांतून निघून जाते. त्या गेल्या मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कशासाठी? तिग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढलेल्या सैन्याला सोडवण्यासाठी. आणि त्या वेढ्यात कोण होतं? १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. ११० वी मराठा. ११७ वी मराठा. म्हणजे ईपरच्या वायूतून वाचलेले शिपाई कुतच्या मराठ्यांना सोडवायला चिखलातून हल्ले करत मेले, आणि तरी सोडवू शकले नाहीत. आत रसद संपली, घोडे कापून खायची पाळी आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी नकार दिला आणि उपासमारीने, स्कर्व्हीने खंगले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. नंतरच्या कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले.

मराठी घरांतून गेलेल्यांचं मुख्य युद्ध ते होतं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर या भागांतल्या गावांत ‘जर्मनच्या लढाईत गेला’ असं ज्या पूर्वजांबद्दल सांगतात, त्यांतले पुष्कळ जण जर्मनांना कधी भेटलेच नाहीत. ते बसरा आणि बगदादच्या वाटेवर तुर्कांशी लढले. ज्यांना थडगंच मिळालं नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद बसऱ्याच्या स्मारकावर आहे. तिथे जाणं आपल्याला अवघड. म्हणून ईपरला जाल तेव्हा हा उरलेला भाग मनात घेऊन जा. महायुद्धाला ‘महा’ का म्हणायचं ते एका गावात उभं राहून कळत नाही, दोन ठिकाणं जोडली की कळतं.

युद्धानंतरचं काय, हा भाग मात्र मला इथे सर्वांत चांगला वाटला. शाळेत आपण व्हर्सायच्या तहावर येतो, युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं २३१ वं कलम, नुकसानभरपाई, जर्मनीचा अपमान, की पुढचा धडा दुसरं महायुद्ध. इथे दिसतं ते गाव पुन्हा उभं करणं. युद्ध संपलं तेव्हा ईपरमध्ये अखंड घर असं उरलं नव्हतं. चर्चिलची इच्छा होती की हे भग्नावशेष आहेत तसेच ब्रिटिश सैन्याचं स्मारक म्हणून ठेवावेत. परत आलेल्या गावकऱ्यांना घरं हवी होती. ते झोपड्यांत राहिले, आणि जुने आराखडे काढून गाव जसंच्या तसं बांधलं. मला हा निर्णय फार थोर वाटतो. ज्यांचं गाव त्यांनी ते राहण्यासाठी परत मिळवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे नावांची यादी. बेल्जियमच्या भूमीवर या युद्धापायी मेलेल्यांची नावं संग्रहालयाने गोळा केलीत, सहा लाखांहून जास्त, आणि त्यांत कुठल्या बाजूचा, शिपाई की साधा नागरिक, असा भेद नाही. ज्या तारखेला आपण जातो त्या तारखेला मेलेल्यांची नावं दाखवली जातात. संशोधन केंद्रही आहे. कुणाच्या घरात खापरपणजोबांचा पलटण क्रमांक किंवा पदक असेल तर ती माहिती लिहून न्या.

आणि जमीन. आजही नांगरताना शेतकऱ्यांना न फुटलेले गोळे मिळतात. ते रस्त्याकडेच्या खांबाशी ठेवले जातात आणि सैन्याची गाडी उचलून नेते. त्यांतल्या काहींत अजून वायू आहे. ७ जून १९१७ ला मेसेन टेकडीखाली ब्रिटिशांनी पेरलेले १९ प्रचंड सुरुंग एकापाठोपाठ उडवले. न उडवलेल्यांपैकी एक १९५५ च्या जूनमध्ये वीज पडून उडाला, त्यात एक गाय मेली. युद्धाचा शेवट ११ नोव्हेंबर १९१८ असं आपण लिहितो, त्या तारखेला हे असे अपवाद आहेत.

आपल्याकडचे परिणामही इथे नाहीत, ते स्वाभाविक आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुमारे तेरा लाख हिंदी माणसं या युद्धात समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मेली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. त्या साथीने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले, म्हणजे रणांगणावर गेले त्याच्या कितीतरी पट घरी बसल्या गेले. त्याच महिन्यात मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. लोकमान्य सैन्यभरतीला तयार होते, पण स्वराज्याचा विषय काढताच त्यांना बोलू दिलं नाही आणि ते परिषद सोडून निघाले. पुढच्या वर्षी बक्षीस म्हणून रौलट कायदा मिळाला आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग. ज्या पंजाबातून सर्वांत जास्त शिपाई गेले, त्या पंजाबात.

आता व्हॅनच्या सहलीबद्दल. दुपारी आम्ही एक स्थानिक सहल घेतली होती, नाव देत नाही. जाहिरातीत ‘संपूर्ण रणभूमी’ होतं. प्रत्यक्षात टाइन कॉट आणि लांगेमार्क ही दोन दफनभूमी, एक खंदक आणि परत. ठिकाणं उत्तमच आहेत. टाइन कॉटला जवळपास बारा हजार थडगी आहेत, त्यांतल्या आठ हजारांहून जास्त जणांची ओळखच पटलेली नाही, आणि मागच्या भिंतीवर ज्यांचा देहही सापडला नाही अशांची जवळपास ३५ हजार नावं. लांगेमार्कला जर्मनांची दफनभूमी आहे, काळसर सपाट दगड, ओकची झाडं, चौरेचाळीस हजारांहून अधिक माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त एका सामाईक थडग्यात. अशा ठिकाणी वीस-वीस मिनिटं देऊन ‘चला, चला’ करणं योग्य नाही. गाइडला मी होलेबेक कुठे आणि लाहोर डिव्हिजन कुठून पुढे गेली ते विचारलं. त्याने ते आपल्या मार्गात नाही म्हणून विषय संपवला. पैसे घेणाऱ्याने एवढी तयारी ठेवायला हवी. सहल घ्यायचीच असेल तर आधी मेल करून भारतीय सैनिकांच्या जागा दाखवाल का, असं स्पष्ट विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

त्यापेक्षा स्वतःची किंवा मुलांची गाडी असेल तर नव्ह शापेलला जा, पाऊण-एक तासात पोचता. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. हर्बर्ट बेकरने आखलेलं, १९२७ मध्ये खुलं झालेलं भारतीय स्मारक तिथे चौरस्त्याला आहे. गोल आवार, अर्ध्या भागाला कोरीव दगडी जाळी, मधे कमळाच्या शीर्षाचा उंच खांब आणि पायथ्याला दोन वाघ. उरलेल्या अर्ध्या गोलावर ४,७०० हून अधिक नावं, पलटणीप्रमाणे. सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधून काढा. नावं रोमन लिपीत आहेत आणि कारकुनाने जशी ऐकली तशी लिहिलेली, त्यामुळे थोडं थांबून, ओठांतल्या ओठांत म्हणत वाचावं लागतं. मग आपल्याकडची आडनावं ओळखू यायला लागतात. लेक दगडावर बोट ठेवून वाचत होती आणि मी मागून उच्चार सांगत होते. देखभाल फार सुंदर आहे, गवत कापलेलं, एक कागद पडलेला नाही.

ईपरला मुक्काम करणार नसाल तरी रात्री आठपर्यंत थांबा. मेनिन गेट या कमानीखाली रोज बरोबर आठला वाहतूक थांबवून बिगुलवर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. वाजवणारे स्थानिक अग्निशमन दलातले लोक. १९२८ पासून हे चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गावात होते तेवढी चार वर्षं तो नेम इंग्लंडमध्ये पाळला गेला, आणि ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैन्याने गाव मोकळं केलं त्याच संध्याकाळी इथे पुन्हा सुरू झाला. कमानीवर बेपत्ता झालेल्या चौपन्न हजारांहून जास्त जणांची नावं आहेत, हिंदी पलटणींचीही. गर्दी होते, सव्वासातला जाऊन उभे राहा. टाळ्या वाजवायच्या नसतात. कमानीलगत तटबंदीवर भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, उजेड असतानाच ते बघून घ्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गेंटहून कोर्त्रेकमार्गे आगगाडीने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, स्टेशनपासून चौक चालत दहा-पंधरा मिनिटं. हिवाळ्यात संग्रहालय सोमवारी बंद असण्याची शक्यता असते, निघण्यापूर्वी वेळा बघा. आत किमान तीन तास ठेवा. आवाज आणि अंधार आहे, लहान मुलं घाबरू शकतात. दहा वर्षांच्या आतल्यांना मी नेणार नाही. व्हीलचेअरला संग्रहालयात अडचण नाही, फक्त मनोरा सोडावा लागतो. शाकाहारी मंडळींनी चौकातल्या बटाट्याच्या फ्राइट्स घेण्याआधी तेल कसलं ते विचारावं, बेल्जियममध्ये त्या परंपरेने गाईच्या चरबीत तळतात; काही ठिकाणी वनस्पती तेल वापरतात, ते सांगतात. आम्ही पोळीभाजीचा डबा नेला होता आणि तटबंदीवरच्या बाकावर बसून खाल्ला. वारा बोचरा असतो, जुलैतही अंगावर काहीतरी न्या.

शिक्षक असाल तर दुकानातून मोठा नकाशा घ्या. लढाईच्या रेषा वर्षवार दाखवणारा आहे, वर्गात लावण्याजोगा. मी एक माझ्या जुन्या शाळेसाठी घेतला आणि दुसऱ्या बाजूला कुतचा नकाशा हाताने काढून द्यायचं ठरवलंय.